जॉन ट्रोलोप आणि 770 सामने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या विभागांतील जुन्या खेळाडूंचा विषय निघाला की स्विंडन टाउनचे डावे बचावपटू जॉन ट्रोलोप यांच्याविषयी वाचक हमखास काही ना काही विचारतात. बहुतेकांनी त्यांचे नाव एखाद्या विक्रमांच्या तक्त्यात पाहिलेले असते आणि शंकाही तिथूनच सुरू होतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यात गुंतलेले असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. जॉन ट्रोलोप कोण होते, हे थोडक्यात सांगाल का?

जॉन ट्रोलोप यांचा जन्म 14 जून 1943 रोजी इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, स्विंडन शहराला लागूनच असलेल्या रॉटन या गावी झाला. 1960 ते 1980 या काळात ते स्विंडन टाउन या एकाच क्लबकडून फुटबॉल लीगचे 770 सामने खेळले. एका खेळाडूने एकाच क्लबसाठी खेळलेल्या लीग सामन्यांचा तो त्या वेळी इंग्लंडमधील उच्चांक ठरला. त्यांची जागा डाव्या बचावपटूची, म्हणजे लेफ्ट बॅकची. 1978 मध्ये त्यांना एम.बी.ई. हा ब्रिटिश किताब मिळाला. देशातील सर्वोच्च विभागात मात्र ते एकही सामना खेळले नाहीत.

2. ‘खालचे विभाग’ म्हणजे नेमके कोणते?

1958 पासून फुटबॉल लीगमध्ये चार विभाग होते आणि त्यांत मिळून 92 क्लब खेळत असत. प्रत्येक हंगामाअखेर वरच्या क्रमांकांना बढती मिळे आणि तळाच्या क्लबांची घसरण होई. 1992 मध्ये सर्वोच्च विभाग वेगळा होऊन प्रीमियर लीग झाली, उरलेल्यांची नावे नंतर बदलत गेली, आणि ट्रोलोप यांच्या काळातील तिसऱ्या विभागाला आज लीग वन म्हणतात. ट्रोलोप यांची सगळी कारकीर्द दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागात गेली. ‘खालचे’ म्हणजे हौशी, असा समज अनेकांचा असतो, तो बरोबर नाही. हे सगळे पगारी, पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू होते, आणि तिसऱ्या विभागाच्या संघाने पहिल्या विभागाच्या संघाला हरवणे दुर्मीळ असले तरी अशक्य नव्हते (प्रश्न 8 पाहा).

3. ते स्विंडनच्या संघात कसे आले?

1956 मध्ये स्विंडनचे मॅनेजर झालेले बर्ट हेड यांच्या हाताशी खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी आजूबाजूच्या भागातील शाळकरी वयाची मुले हेरली, त्यांना तयार केले आणि कोणी हसेल याची फिकीर न करता थेट पहिल्या संघात उतरवले. वर्तमानपत्रे या संघाला ‘बर्टची बाळे’ म्हणू लागली. माइक समरबी, अर्नी हंट, पुढे डॉन रॉजर्स आणि आपले ट्रोलोप ही सगळी त्याच वर्गातील मुले. ट्रोलोप पहिला लीग सामना खेळले तो 20 ऑगस्ट 1960 रोजी, हॅलिफॅक्स टाउनविरुद्ध. त्या वेळी ते 17 वर्षांचे होते.

त्या काळचे स्विंडन हे पक्के रेल्वेचे गाव होते. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन याच गावच्या कारखान्यातून त्याच वर्षी मार्च महिन्यात बाहेर पडले. 1963 मध्ये या तरुण संघाने तिसऱ्या विभागात दुसरा क्रमांक मिळवला आणि क्लबच्या इतिहासातील पहिली बढती पदरात पाडली. दोनच वर्षांनी संघ पुन्हा खाली आला आणि हेड यांना जावे लागले.

4. 770 या आकड्यात कोणते सामने धरले आहेत आणि कोणते नाहीत?

सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नावर होतो. या आकड्यात केवळ फुटबॉल लीगच्या चार विभागांतील नियमित सामने येतात. एफ.ए. कप, लीग कप आणि इटालियन क्लबांविरुद्धच्या स्पर्धा यांतले काहीही त्यात नाही. ‘लीग कप’ या नावात ‘लीग’ असल्यामुळे अनेक जण फसतात, पण ती बाद पद्धतीची स्वतंत्र स्पर्धा आहे आणि तिचे सामने लीगच्या हिशेबात धरत नाहीत. सगळ्या स्पर्धा मिळून ट्रोलोप यांची संख्या 889 भरते. एखादा लेखक 770 म्हणतो आणि दुसरा 889, तेव्हा दोघेही बरोबर असतात. गंमत अशी, की ज्या सामन्यामुळे स्विंडनबाहेरचे लोक हा संघ ओळखतात, तो लंडनच्या वेम्बली मैदानावरचा 1969 चा सामना (प्रश्न 8 पाहा) या 770 मध्ये नाही.

5. वीस वर्षांत 770 सामने, म्हणजे वर्षाला चाळीससुद्धा नाहीत. यात एवढे विशेष काय?

वीस वर्षांनी भागणे हीच येथे चूक आहे, कारण 1978 ते 1980 या मधल्या काळात ते निवृत्त होते (प्रश्न 12 पाहा). हिशेब हंगामांचा करावा. दुसऱ्या विभागात तेव्हा 22 क्लब होते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला हंगामाला 42 सामने येत. तिसऱ्या विभागात 24 क्लब, म्हणून 46 सामने. 1960–61 पासून 1977–78 पर्यंतच्या 18 हंगामांपैकी स्विंडन सात हंगाम दुसऱ्या विभागात आणि अकरा हंगाम तिसऱ्या विभागात होता. म्हणजे त्या काळात क्लब बरोबर 800 लीग सामने खेळला. ट्रोलोप यांचे 770 मधले अगदी थोडे सामने सोडले तर बाकीचे सगळे या 800 मधलेच आहेत.

हाताचे हाड मोडल्यामुळे एका हंगामात बरेच आठवडे बाहेर काढूनही हे प्रमाण टिकले, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते. उत्तर इंग्लंडच्या गोठलेल्या मैदानांवर मंगळवारी रात्री खेळायचे, मग बसने परत यायचे आणि शनिवारी पुन्हा उतरायचे, असे ते दिवस. 1965–66 च्या आधी बदली खेळाडूची सोयच नव्हती. लंगडणारा बचावपटू बाहेर गेला तर संघ दहा जणांवर येई, म्हणून तो बहुधा लंगडतच मैदानात राही.

6. सलग 368 सामन्यांचा जो उल्लेख येतो, तो लीगचा आकडा आहे का?

नाही, आणि हे साध्या बेरजेवरूनच सिद्ध होते. ही मालिका एप्रिल 1961 ते ऑगस्ट 1968 या काळातील आहे. मधल्या पूर्ण सात हंगामांत स्विंडनचे लीग सामने होतात 314, आणि दोन्ही टोकांचे आठवडे धरले तरी 368 पर्यंत मजल जात नाही. अर्थात कपचे सामने त्यात आलेच पाहिजेत. जेथे ‘सलग 368 लीग सामने’ असे छापलेले दिसेल, तेथे ‘लीग’ हा शब्द खोडून वाचावे. ही मालिका 1968–69 हंगामाच्या सुरुवातीलाच हाताचे हाड मोडल्यामुळे तुटली, आणि योगायोग पाहा, क्लबच्या इतिहासातील सर्वांत मोठा हंगाम नेमका तोच.

7. ते खेळाडू म्हणून कसे होते? लेफ्ट बॅक पुढे जाऊन खेळत असत का?

आजच्या लेफ्ट बॅकचे मोजमाप त्यांना लावू नये. ट्रोलोप यांनी सुरुवात केली तेव्हा या जागेवरच्या खेळाडूचे मुख्य काम म्हणजे समोरच्या उजव्या विंगरला, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला, चेंडू सुखाने खेळू न देणे. साठीच्या दशकात चार बचावपटूंची रचना रुळली आणि बाजूच्या बचावपटूंना पुढे जाण्याची मोकळीक हळूहळू मिळू लागली, पण स्विंडनच्या डाव्या बाजूला त्याची फारशी गरज नव्हती. त्या बाजूने पुढे डॉन रॉजर्स असत. चेंडू पायाला चिकटवून बचावपटूंना एकामागून एक मागे टाकणारा असा विंगर तेव्हा खालच्या विभागांत दुसरा मिळणे कठीण होते. रॉजर्स मागे येऊन बचाव करतील अशी अपेक्षा कोणी ठेवत नसे. तेव्हा चेंडू हिसकावायचा, तो रॉजर्स यांच्याकडे वेळेवर द्यायचा आणि त्यांनी मोकळी सोडलेली सगळी बाजू राखायची, ही कामगिरी ट्रोलोप यांच्याकडे आली. माझ्या मते रॉजर्स यांच्या गोलांच्या आठवणी काढताना या मागच्या माणसाचा हिस्सा लोक हिशेबात धरत नाहीत.

8. 1969 च्या वेम्बलीच्या सामन्यात नेमके काय घडले?

15 मार्च 1969 रोजी लीग कपच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या विभागातील स्विंडन टाउन आणि पहिल्या विभागातील आर्सेनल समोरासमोर आले. आर्सेनलचा संघ आदल्या वर्षीही याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता. स्विंडनने वाटेत ब्लॅकबर्न, कॉव्हेंट्री आणि डार्बी यांना बाहेर काढले होते. बर्नलीविरुद्धची उपांत्य लढत दोन सामन्यांत सुटली नाही, तेव्हा ती वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर तिसऱ्या सामन्यात, तोही अतिरिक्त वेळेत, 3–2 अशी जिंकली होती. हात बरा होऊन ट्रोलोप तोवर संघात परतले होते. अंतिम सामन्याच्या मागच्या फळीत रॉड थॉमस, स्टॅन हार्लंड, फ्रँक बरोज आणि ट्रोलोप असे चौघे होते. कर्णधारपद हार्लंड यांच्याकडे होते.

मैदानाची अवस्था वाईट होती. तेथे अश्वारोहणाचे कार्यक्रम झाले होते, वर पाऊस, आणि हिरवळीच्या जागी चिखलाचे पट्टे उरले होते. 98,189 प्रेक्षकांसमोर आर्सेनलने एकामागून एक हल्ले चढवले आणि गोलरक्षक पीटर डाउन्सबरो यांनी ते परतवले. अशात 35 व्या मिनिटाला आर्सेनलच्या बचावात गोंधळ झाला आणि रॉजर स्मार्ट यांनी चेंडू जाळ्यात ढकलला. ही आघाडी 86 व्या मिनिटापर्यंत टिकली. मग डाउन्सबरो चेंडू मारण्यासाठी पुढे आले, त्यांनी मारलेला चेंडू बॉबी गूल्ड यांच्यावर आदळून उडाला आणि गूल्ड यांनी तो डोक्याने रिकाम्या गोलात टाकला. इतका वेळ झुंजलेला लहान संघ येथून कोसळतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

येथे उलटे झाले. अतिरिक्त वेळेच्या पहिल्या अर्धात रॉजर्स यांनी गोलसमोरच्या गर्दीतून गोल केला. शेवटचे मिनिट जवळ आले, आर्सेनल बरोबरीसाठी पुढे झुकलेले, आणि मैदानाच्या मध्याजवळ चेंडू रॉजर्स यांना मिळाला. समोर थकलेले पाय आणि निम्मे मोकळे मैदान. ते चिखलातून धावत सुटले, गोलरक्षक बॉब विल्सन पुढे येताच त्यांना हुलकावणी देऊन बाजूला काढले आणि शांतपणे चेंडू आत सरकवला. निकाल 3–1. तिसऱ्या विभागात असताना लीग कप जिंकणारा स्विंडन हा दुसरा क्लब, कारण क्वीन्स पार्क रेंजर्सने हे 1967 मध्ये केले होते. त्याच हंगामात स्विंडनला बढतीही मिळाली. गुण वॉटफर्डइतकेच, 64, पण गोलांच्या सरासरीवर दुसरा क्रमांक.

9. लीग कप जिंकल्यावर त्यांना युरोपात का खेळू दिले नाही?

लीग कप विजेत्याला तेव्हा फेअर्स कप या युरोपीय स्पर्धेत जागा मिळे, पण तो क्लब पहिल्या विभागातील असला तरच. क्वीन्स पार्क रेंजर्सचेही असेच झाले होते. भरपाई म्हणून इटलीच्या क्लबांबरोबर स्पर्धा भरवण्यात आल्या. 1969 मध्ये स्विंडनने रोममध्ये रोमाविरुद्ध 2–1 अशी हार पत्करली आणि घरच्या मैदानावर 4–0 असा हिशेब चुकता केला, त्यात आर्थर हॉर्सफील्ड यांचे तीन गोल होते. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचा शेवट कसा झाला, ते प्रश्न 17 मध्ये आहे. आणखी एक नोंद करण्याजोगी गोष्ट अशी, की स्विंडनने हरवलेले आर्सेनल लीगमधील आपल्या क्रमांकाच्या बळावर फेअर्स कपमध्ये खेळले आणि 1970 मध्ये त्यांनी तो जिंकला.

10. समरबी, हंट, रॉजर्स सगळे मोठ्या क्लबांत गेले. ट्रोलोप का गेले नाहीत?

समरबी 1965 मध्ये मँचेस्टर सिटीला गेले, हंट त्याच वर्षी वुल्व्ह्जला आणि रॉजर्स 1972 मध्ये क्रिस्टल पॅलेसला. या उत्तराचा एक भाग बाजाराचा आहे. मोठे क्लब खालच्या विभागांतून गोल करणारे आणि गोल घडवणारे विकत घेत, भरवशाच्या बचावपटूसाठी त्या मानाने कमी थैल्या सुटत. दुसरा भाग त्या काळच्या नियमांचा. 1961 च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा होती. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी अडवून ठेवू शके, आणि जॉर्ज ईस्टम या खेळाडूच्या खटल्यात 1963 मध्ये न्यायालयाने या पद्धतीला धक्का दिल्यानंतरही खेळाडूला आजच्यासारखे स्वातंत्र्य लगेच आले नाही. या गोष्टी ध्यानात न घेता सगळे श्रेय ‘क्लबवरील निष्ठे’ला देणे मला भाबडेपणाचे वाटते. निष्ठा असेलच, पण जन्मगावाजवळ स्थिर नोकरी आणि संघात पक्की जागा हीसुद्धा एखाद्याला बांधून ठेवणारी कारणे आहेत.

11. ते इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळले का?

नाही. वरिष्ठ संघात त्यांची निवड कधीच झाली नाही. ज्यांचा विक्रम त्यांनी मोडला, ते जिमी डिकिन्सन मात्र इंग्लंडकडून 48 सामने खेळले होते.

12. निवृत्त झाल्यावर ते केवळ विक्रमासाठी पुन्हा खेळले, हे खरे आहे का?

प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या सोडवून पाहू. डिकिन्सन 1946 ते 1965 या काळात पोर्ट्समथकडून 764 लीग सामने खेळले आणि चाळिसाव्या वाढदिवशी थांबले. ट्रोलोप 1978 मध्ये खेळणे सोडून क्लबच्या तरुण खेळाडूंना शिकवू लागले, तेव्हा हा आकडा हाताच्या अंतरावर होता. 1980–81 च्या हंगामाची सुरुवात स्विंडनसाठी फार वाईट झाली, मॅनेजर बॉबी स्मिथ यांना काढण्यात आले, आणि 37 वर्षांचे ट्रोलोप पुन्हा बूट चढवून उतरले. त्याच पर्वात त्यांनी 764 ओलांडले आणि 770 वर थांबले.

विक्रमाचा विचार कोणाच्या मनात नव्हता असे म्हणणे भोळेपणाचे होईल. पण तळाशी घसरणाऱ्या क्लबला केवळ आकडा जमवण्यासाठी संघातील एक जागा अडवणे परवडत नाही. ते उतरले तो प्रदर्शनी सामना नव्हता, गुणांसाठी चाललेली लीग होती. शेवटच्या त्या मोजक्या सामन्यांमुळे आधीच्या सातशेहून अधिक सामन्यांना उणेपणा येतो, हा आक्षेप मला तरी पटत नाही.

13. मॅनेजर म्हणून त्यांची कामगिरी कशी होती?

कठीण काळात मिळालेली आणि अपयशी ठरलेली. 1981 मध्ये त्यांच्याकडे संघाची सूत्रे आली. त्या हंगामात क्लब कसाबसा तरला, पण 1981–82 मध्ये, म्हणजे विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याचा नियम लागू झाला त्याच वर्षी, स्विंडन इतिहासात प्रथमच चौथ्या विभागात घसरला. 1983 मध्ये त्यांच्या जागी केन बीमिश आले. ट्रोलोप पुढे पुन्हा तरुण खेळाडू घडवण्याच्या कामाकडे वळले.

14. 770 चा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे का?

नाही. 1980 पासून टिकलेला हा उच्चांक डिसेंबर 2023 मध्ये मिल्टन कीन्स डॉन्सचे डीन लुइंग्टन यांनी ओलांडला. तेही डावे बचावपटूच, आणि त्यांची कारकीर्दही बव्हंशी तिसऱ्या-चौथ्या विभागांतील. डॉन्स दुसऱ्या विभागात खेळले ते एकच हंगाम, 2015–16. विक्रम मोडला तेव्हा लुइंग्टन 39 वर्षांचे होते. 2025 मध्ये ते निवृत्त झाले. अनेक जुन्या याद्यांत अजून ट्रोलोप यांचेच नाव वर दिसते, कारण त्या याद्या 2023 पूर्वी छापलेल्या आहेत. स्विंडनपुरता मात्र 770 हा उच्चांक कायम आहे.

15. पण पीटर शिल्टन यांचे हजारावर सामने आहेत आणि रायन गिग्ज यांचे नऊशेवर. मग विक्रम ट्रोलोप यांचा कसा?

कारण हे तीन वेगवेगळे विक्रम आहेत. गोलरक्षक शिल्टन यांचे 1,005 लीग सामने अनेक क्लबांचे मिळून आहेत. गोलरक्षक वगळता इतरांत टोनी फोर्ड यांचे 931 लीग सामने सर्वाधिक, तेही अनेक क्लबांचे. गिग्ज मँचेस्टर युनायटेड या एकाच क्लबकडून 963 सामने खेळले, पण त्यांत युरोपीय आणि कपचे सामने मोठ्या संख्येने आहेत आणि लीगचे 672 च. मोठ्या क्लबांच्या वाट्याला युरोपातील सामने येतात, शिवाय त्यांच्या विभागात क्लब कमी असल्याने लीगचे सामनेही कमी असतात. एकाच क्लबसाठी लीग सामन्यांच्या तक्त्यात खालच्या विभागांतील नावे वर दिसतात, त्याचे मोठे कारण हे. पोर्ट व्हेलचे रॉय स्प्रोसन याच रांगेतले. 1950 ते 1972 या काळात त्यांचे लीग सामने झाले 760, म्हणजे डिकिन्सन यांच्यापेक्षा केवळ चार कमी.

16. वेल्सकडून खेळलेले पॉल ट्रोलोप त्यांचे नातेवाईक का?

होय, ते त्यांचे चिरंजीव. जन्म स्विंडनचा, 1972 चा. ते मधल्या फळीत खेळत आणि डार्बी काउंटीसह अनेक क्लबांत होते. पुढे ब्रिस्टल रोव्हर्सचे मॅनेजर झाले आणि 2016 च्या युरो स्पर्धेत उपांत्य फेरी गाठणाऱ्या वेल्सच्या प्रशिक्षक चमूत होते.

17. अर्धवट राहिलेला सामना किंवा राखीव म्हणून बसलेला सामना मोजतात का?

राखीव म्हणून बाकावर बसल्याने सामना खात्यात जमा होत नाही, पण बदली म्हणून मैदानात उतरल्यास, भले शेवटच्या मिनिटाला का होईना, तो धरतात. लीगचा सामना अर्ध्यात थांबून नंतर पुन्हा पहिल्यापासून खेळवला गेला, तर साधारणपणे दुसराच अधिकृत धरला जातो.

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा नेपल्सचा सामना असतो. 28 मे 1970 रोजी अँग्लो-इटालियन कपच्या अंतिम सामन्यात स्विंडन नापोलीविरुद्ध 3–0 ने पुढे असताना प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकायला सुरुवात केली आणि 79 व्या मिनिटाला खेळ थांबवावा लागला. तो पुन्हा खेळवला गेला नाही आणि कप स्विंडनलाच देण्यात आला. 770 च्या दृष्टीने मात्र त्याने काहीच बिघडत नाही, कारण तो लीगचा सामना नव्हता (प्रश्न 4 पाहा).